गाडी कधी तापते, हे आधी पाहा

प्रवासाच्या दिवसांत आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी घेतली आहेत. बहुतेक पत्रांत काय बिघडलं हे सविस्तर असतं, पण ते कोणत्या वेळी बिघडलं याचा पत्ता नसतो. वेग किती होता, चढ होता की उतार, इंजिन गार होतं की तापलेलं, पाय ब्रेकवर होता की ॲक्सिलरेटरवर, एवढं मेकॅनिकला नीट सांगितलं तरी निम्मं निदान होतं आणि नको ते पार्ट बदलणं वाचतं. पहिलं पत्र त्याचाच नमुना आहे.

प्रश्न : सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा मधोमध असतो. पाच माणसं आणि सामान घेऊन घाट चढताना मात्र तो लालच्या जवळ जातो. माथ्यावर पोचून सपाटीला लागलं की परत खाली. गॅरेजमध्ये पंखा बदलून दिला, फरक शून्य. आता रेडिएटर बदला म्हणतात. बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. पंख्यावरही पहिला संशय घ्यायला नको होता. गाडी बऱ्यापैकी वेगात असली की समोरचा वाराच रेडिएटर गार करतो. पंखा लागतो तो सिग्नलला, वाहनांच्या रांगेत, किंवा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू चढताना. म्हणून उभी असताना तापते आणि पळायला लागली की गार होते, अशा गाडीत पंख्याची मोटर, रिले, फ्यूज आणि सेन्सर बघायचा. त्याची परीक्षा घरीही होते : इंजिन चालू ठेवून एसी लावा, बहुतेक गाड्यांत लगेच पंखा फिरू लागतो.

तुमची गाडी उलट वागते. उभी असताना ठीक, ओझं पडलं की तापते. याचा अर्थ इंजिन जेवढी उष्णता तयार करतंय तेवढी कूलंटला वाहून नेता येत नाही किंवा रेडिएटरला बाहेर टाकता येत नाही. स्वस्त गोष्टीपासून महाग गोष्टीकडे या क्रमाने तपासा.

आधी कूलंटची पातळी, तीही गार इंजिनवर. टाकीत पाणी दिसतं म्हणून रेडिएटरमध्ये असेलच असं नाही. रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर तेही उघडून बघा, काठोकाठ हवं. मग झाकण. या झाकणाला लोक नुसतं बूच समजतात, पण ते आत साधारण १ बारचा दाब धरून ठेवतं. त्या दाबामुळे साधं पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, आणि कूलंट व पाणी निम्मं-निम्मं असेल तर जवळजवळ १३० ला. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग दमली की हा सगळा फायदा गेला. त्यातच दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने खाली येतो, म्हणजे घाटात झाकणाची लबाडी लवकर उघडी पडते. जुनं झाकण तपासत बसण्यापेक्षा त्याच दाबाचं नवं बसवा. आकडा झाकणावर छापलेला असतो.

तिसरी गोष्ट, रेडिएटर आणि त्याच्या पुढचा एसीचा कंडेन्सर यांच्यामधली फट. किडे, पाचोळा आणि धूळ तिथे गाद्यांसारखी बसते, समोरून पाहिलं तर दिसतही नाही. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या नळीने पाणी मारा. जोराचा फवारा नको, पातळ पात्या दुमडतात.

चौथा थर्मोस्टॅट, म्हणजे तापलेलं कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. अर्धवट उघडून अडकला तर सपाटीला भागतं, चढावर भागत नाही, म्हणजे नेमकी तुमची तक्रार. काढून पातेल्यात पाणी घ्या, त्यात दोऱ्याने लटकवा, तापमापी बुडवा आणि पाणी तापवा. त्याच्यावर कोरलेल्या अंशाला हलायला लागला आणि आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला तर तो निर्दोष. थर्मोस्टॅट काढून गाडी तशीच चालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. इंजिन कायम गार राहतं, इंधन जास्त जातं, सिलिंडर लवकर झिजतात.

मग खालचा होज पाइप (इंजिनचा वेग वाढवल्यावर तो आत चपटा होतोय का बघा, म्हातारा पाइप पंपाच्या ओढीने मिटतो) आणि वॉटर पंप, ज्याची प्लास्टिकची पंखी कधी कधी दांड्यावरच सैल फिरते. हे सगळं ठीक निघालं तरच रेडिएटर. आतून चोंदलेला रेडिएटर इंजिन तापलेलं असताना इन्फ्रारेड तापमापीने ओळखता येतो. मध्येच गार पट्टे लागले की तिथल्या नळ्या बंद आहेत. वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलेल्या गाड्यांत क्षाराने हेच होतं.

एका गोष्टीची भीती वेगळी ठेवा, हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पातळ थराची. कुठेही गळती नसताना कूलंट कमी होणं, टाकीत सतत बुडबुडे, गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा टणक होणं ही तिची लक्षणं. गॅरेजमध्ये निळ्या द्रावाची चाचणी करून घ्या. टाकीच्या तोंडावर धरलेला तो द्राव पिवळा पडला तर जळलेला वायू कूलंटमध्ये येतोय.

वाटेत काटा चढायला लागला तर : एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण वेगात, काचा उघड्या. हीटर म्हणजे एक छोटा जादा रेडिएटरच. वरच्या गिअरमध्ये इंजिनला रेटत राहू नका, एक गिअर खाली घ्या आणि ॲक्सिलरेटर हलका ठेवा, पंप जोरात फिरतो. काटा तरीही लालमध्ये गेला तर बाजूला घेऊन इंजिन बंद. वाफ ओसरेपर्यंत बॉनेट उघडू नका, आणि झाकणाला किमान पाऊण तास हात लावू नका. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतलं की हेडला तडा जाऊ शकतो. गार झाल्यावर इंजिन चालू ठेवून थोडं थोडं भरा. हीटरमधून गार वारा येतोय आणि काटा मात्र लालवर, असं दिसलं तर पाणी फारच खाली गेलंय, एक किलोमीटरही पुढे नेऊ नका. याहून फसवं म्हणजे लालवर गेलेला काटा आपोआप झपकन खाली येणं. पाणी संपून सेन्सर नुसत्या हवेत लटकला की असं होतं. त्या क्षणी हायसं वाटून ज्यांनी गाडी पुढे दामटली त्यांची इंजिनं खोलावी लागतात.

प्रश्न : हिरव्या कूलंटमध्ये लाल टाकला तर चालतो का?

उत्तर : रंग हा नुसता रंग आहे. कोणत्या प्रकारच्या कूलंटला कोणता रंग द्यायचा याचा सर्वमान्य नियम नाही, त्यामुळे दोन हिरवे कूलंटही आतून वेगळे असू शकतात. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार दिलाय तो बाटलीवर शोधा. वेगळे प्रकार मिसळले तर गंज रोखणारी रसायनं एकमेकांना निकामी करतात, काही जोड्या तर चिकट गाळ बनवतात. वाटेत अडचण आली तर साधं पाणी भरा, घरी आल्यावर सगळं काढून नवं भरा. आणि घट्ट कूलंट पाणी न घालता ओतणं म्हणजे जास्त संरक्षण, हा गैरसमज आहे. निव्वळ ग्लायकोल (कूलंटमधला मुख्य द्रव) पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. थंडीतही तो उणे १३ अंशांना गोठतो, तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मा मिसळलेला उणे ३७ पर्यंत टिकतो.

प्रश्न : लांब उतारावर आधी जळका वास आला, मग ब्रेकचं पेडल मऊ पडून खोल जायला लागलं. अर्धा तास थांबल्यावर सगळं पूर्ववत. मेकॅनिक म्हणतो पॅड उत्तम आहेत. दुसरं असं की माझा भाऊ इंधन वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतो. ते बरोबर आहे का?

उत्तर : पॅड उत्तम असतीलही. पेडल टणक राहतं पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते. पेडल मऊ होतं तेव्हा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही. गार झालं की वाफेचं पुन्हा ऑइल होतं आणि गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषून घेतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्के पाणी गेलं की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. म्हणून किलोमीटर कितीही झालेले असोत, दर दोन वर्षांनी ऑइल बदला. नुसतं वरून भरणं म्हणजे बदलणं नव्हे. चारही चाकांच्या निपलमधून जुनं काळपट ऑइल निघून स्वच्छ येईपर्यंत ते सोडावं लागतं, साधारण एक लिटर लागतं. डॉट ३ च्या जागी ४ चालतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात कधीही मिसळू नका. डॉट ५.१ हे नाव सारखं वाटलं तरी वेगळं आहे आणि ४ बरोबर चालतं.

पण ऑइल नवं असलं तरी पूर्ण उतार ब्रेकवर उतरायचा नसतो. हिशेब करून बघा. दीड टनाची गाडी ५०० मीटर खाली आणताना जेवढी ऊर्जा मोकळी होते तेवढ्या उष्णतेत २० अंशांचं बावीस लिटर पाणी उकळीला येईल. ती सगळी चार चाकांच्या ब्रेकमध्ये कोंबायची की इंजिनकडून थोडी खर्च करून घ्यायची, एवढाच प्रश्न आहे. उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्या. जो चढ ज्या गिअरमध्ये चढाल, तोच गिअर उतरताना, हे जुनं माप अजूनही चालतं. इंजिन तीन-साडेतीन हजार फेऱ्यांवर गुरगुरलं तर घाबरू नका, इंधन जात नसतं तेव्हा. वेग वाढला की ब्रेक ठामपणे दाबून ६० वरून ४५ वर आणा आणि पाय पूर्ण उचला, डिस्कला वारा लागू द्या. हलका पाय सतत ठेवून उतरणाऱ्यांचेच ब्रेक जळतात. ऑटोमॅटिक गाडीत एल किंवा २ वर घ्या, मॅन्युअल मोड असेल तर वजाकडे. हायब्रिडमध्ये बी.

खाली पोचल्यावर लगेच थांबून पेडल दाबून धरू नका. तापलेल्या डिस्कवर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि पुढे प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं. एक-दोन किलोमीटर हळू चालवा, मग थांबा. हँडब्रेकही तापलेला असताना ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

आता भावाचं. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की, फेऱ्या पुरेशा असेपर्यंत, इंधनाचा पुरवठा पूर्ण बंद होतो. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला इंधन लागतंच. म्हणजे तो वाचवत नाही, जाळतो, आणि वर इंजिनचा ब्रेक गमावतो. काही जण पुढे जाऊन किल्लीही बंद करतात. मग ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच जोर उरतो, स्टिअरिंग जड होतं, आणि किल्ली जास्त फिरली तर स्टिअरिंगला कुलूपही लागतं.

पुन्हा कधी पेडल खाली गेलंच तर ते भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा आणि हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो थोडा थोडा ओढा. बटणाचा इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर बटण सतत धरून ठेवा. बहुतेक गाड्यांत तो चालत्या गाडीला आवरतो.

प्रश्न : निघताना टायरमध्ये ३३ पीएसआय हवा भरली. दोनशे किलोमीटरवर पंपावर ३८ निघाली. कमी करावी का? आणि साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरावा का?

उत्तर : अजिबात नाही. तापमान दर १० अंश वाढलं की दाब दीड-दोन पीएसआयने वाढतो, आणि गाडी बनवणाऱ्याने तो हिशेब धरूनच ३३ लिहिलेलं असतं. आता कमी केली तर गार झाल्यावर टायरमध्ये २८ उरेल. कमी हवेच्या टायरची बाजू जास्त वाकते, तापते, आणि भर उन्हात वेगात फुटतो तो हाच टायर. हवा मोजायची ती गाडी तीन तास उभी असताना, किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर चालवून. आकडा चालकाच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर असतो आणि भरल्या गाडीसाठी वेगळा असतो, मागच्या चाकांना बहुधा जास्त. टायरच्या अंगावर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा आहे, भरायचा नव्हे.

तापलेल्या टायरांची एक तपासणी मात्र कामाची आहे. तीन टायर ५ ने चढले आणि चौथा ९ ने, तर त्या चौथ्यात सकाळी हवा कमी होती किंवा त्या चाकाचा ब्रेक चिकटतोय. नायट्रोजनबद्दल विचारलंय, त्याचं उत्तर असं की साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

प्रश्न : ताशी ८५ च्या आसपास स्टिअरिंग थरथरतं, ११० ला थांबतं. अलाइनमेंट दोनदा करून घेतली.

उत्तर : अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायरची एकच कड झिजते, थरथर होत नाही. ठरावीक वेगाला येऊन पुढे जाणारी थरथर बॅलन्सिंगची, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसल्याची असते. स्टिअरिंग हलत असेल तर पुढची चाकं, सीट हलत असेल तर मागची. रिमच्या आतल्या बाजूला साचलेला वाळका चिखल आधी खरवडून काढा, तेवढ्यानेही पन्नास-साठ ग्रॅमचा फरक पडतो. बॅलन्सिंग करूनही राहिली तर चाक मशीनवर फिरताना रिम वाकडी किंवा टायर उंचसखल आहे का ते डोळ्याने बघा. फक्त ब्रेक दाबल्यावर होणारी थरथर डिस्कची. हळू वेगातही डुगडुगणारी गाडी म्हणजे टायरला फुगवटा आलाय, तो टायर त्याच दिवशी उतरवा.

टायर बोलतो, फक्त वाचता यायला हवं. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर जास्त. खळगे खळगे पडले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर दमले आहेत.

प्रश्न : गाडी तीन आठवडे उभी होती. किल्ली फिरवली की टकटक आवाज येतो, दिवे मंद होतात. दुसऱ्या गाडीवरून केबल लावून सुरू करायची योग्य पद्धत सांगा. नंतर किती वेळ चालवावी?

उत्तर : टकटक आणि मंद दिवे म्हणजे बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहेत. टर्मिनल हाताने हलतंय का, पांढरी-हिरवी बुरशी आली आहे का, हे केबल शोधण्याआधी बघा. बुरशी कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून धुतली की निघते. दिवे लख्ख आहेत आणि एकच खट् आवाज येतो, अशी तऱ्हा असती तर संशय सेल्फच्या मोटरवर गेला असता.

केबलचा क्रम : दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना चिकटलेल्या नकोत. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळा चांगल्या बॅटरीच्या उणेला, आणि काळ्याचं शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून हा आडवळणाचा खटाटोप. चांगली गाडी सुरू करून पाच मिनिटं चालू द्या, मग बंद गाडीला सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंदांहून जास्त नको. सुरू झाली की उलट क्रमाने काढा.

वीस मिनिटांची फेरी मारून पूर्ण उतरलेली बॅटरी भरत नाही. एकदा चार्जरवर रात्रभर लावा, नंतर गाडी काही तास उभी ठेवून मल्टिमीटरने मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.७ च्या दरम्यान दिसायला हवं, त्याहून कमी असेल तर बॅटरीचा दोष नाही, अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल तर मात्र बॅटरी संपली. सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर बॅटरी आधी होती त्याच प्रकारची घ्या. साधी बसवली तर ती काही महिन्यांत मान टाकते.

प्रश्न : लांब प्रवासानंतर सिग्नलला थांबलं की तेलाच्या बुधलीचा लाल दिवा क्षणभर लुकलुकतो. ॲक्सिलरेटर दिला की जातो. चालवत राहू का?

उत्तर : नका. हा दिवा ऑइलचा दाब दाखवतो, पातळी नव्हे, आणि तो लागतो तेव्हा बेअरिंगमध्ये धातूवर धातू घासायच्या बेतात असतो. सपाट जागी इंजिन बंद करा, दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि बघा. खालच्या व वरच्या खुणेत बहुतेक गाड्यांमध्ये सुमारे एक लिटरचं अंतर असतं, त्यामुळे पाव-पाव लिटर भरत मोजा. वरच्या खुणेच्या पुढे गेलं तर क्रँक ते घुसळून फेस करतो. पातळी बरोबर असूनही दिवा येत असेल तर ऑइल पातळ झालंय, पंप किंवा बेअरिंग झिजलंय, अथवा सेन्सर खोटं बोलतोय. मेकॅनिककडून वेगळा प्रेशर गेज लावून खरा दाब मोजून घ्या.

डिझेल गाडीवाल्यांना जाता जाता : डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका. धुराचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करताना गाडी वारंवार मध्येच बंद केली गेली की न जळलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल बदला, आणि अधूनमधून गाडी हायवेवर अर्धा तास सलग चालवा.

प्रश्न : इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर थांबावंच लागतं का?

उत्तर : स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर मुक्कामापर्यंत जाऊन कोड वाचून घ्या. लुकलुकत असेल तर एखादा सिलिंडर पेट घेत नाही आणि कच्चं इंधन सायलेन्सरच्या वाटेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तिथे जळतंय. वेग लगेच कमी करा आणि जवळात जवळ थांबा. एका स्पार्क प्लगच्या किंवा कॉइलच्या हट्टापायी कन्व्हर्टर वितळवणं फार महागात पडतं.

प्रश्न : डिझेल गाडीत चुकून दहा लिटर पेट्रोल भरलं गेलं. वरून डिझेल भरून चालेल?

उत्तर : नाही. किल्ली फिरवूही नका. नुसत्या पहिल्या खटक्यावरही अनेक गाड्यांत टाकीतला पंप चालू होतो. गाडी ढकलून बाजूला घ्या, टाकी रिकामी करून घ्या. डिझेल हेच त्या उच्च दाबाच्या पंपाचं वंगण असतं, पेट्रोल ते धुऊन काढतं आणि धातूचा भुगा इंजेक्टरपर्यंत पोचतो. इंजिन सुरू झालेलं नसेल तर टाकी उपसणं आणि फिल्टर बदलणं एवढ्यावर बहुधा सुटका होते.

प्रश्न : गाडी सात वर्षांची, पण पळालीय फक्त ४८ हजार किलोमीटर. टायमिंग बेल्ट लाखाला बदलायचा, मग घाई कशाला?

उत्तर : पुस्तिकेतली ओळ पूर्ण वाचा, तिथे किलोमीटरबरोबर वर्षंही असतात आणि जे आधी येईल ते धरायचं असतं. हा बेल्ट म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा रबरी पट्टा, आणि रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. बेल्टबरोबर टेन्शनर बदला, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही, कारण मजुरी तीच असते. तुमच्या गाडीला बेल्टऐवजी चेन असेल तर हा खर्च नाही. मात्र गार इंजिन सुरू करताना काही सेकंद खडखड येत असेल तर चेन सैल झाली आहे.

प्रश्न : रस्त्यात पंक्चर झालं. नट सुटेनात, जोर लावला तर गाडी जॅकवर हलली. काय चुकलं?

उत्तर : क्रम चुकला. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा-पाऊण फेरा सैल करायचे, मग गाडी उचलायची. हँडब्रेक ओढा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, तिरप्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा. जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेतच लावा, बाकी पत्रा आत दबतो. स्टेपनी गाडीच्या अंगाखाली आडवी सरकवून ठेवा, जॅक निसटला तर ती गाडीला झेलेल. पाना आडवा धरून त्याच्या टोकावर शरीराचं वजन टाका, हिसके नको. बसवताना नट हाताने फिरवत न्या, गाडी खाली घ्या, मग समोरासमोरचे अशा क्रमाने आवळा. बहुतेक कारना १०० ते १२० न्यूटन-मीटर लागतात. पन्नास ते शंभर किलोमीटरवर पुन्हा एकदा आवळून बघा.

स्टेपनीची हवा निघण्याआधीच मोजा. बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिला बहुधा ६० पीएसआय लागतात आणि वेग ८० च्या आत ठेवावा लागतो. तिच्या अंगावरचा चार आकडी शिक्काही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. न वापरलेला टायरही दहा वर्षांनंतर टाकूनच द्यायचा.

प्रश्न : रात्रीच्या प्रवासात पहाटे डोळे मिटायला लागतात. गाणी आणि चहाने फार फरक पडत नाही.

उत्तर : पडणारही नाही. पहाटे दोन ते सहा शरीर झोपच मागतं, दुपारी दोन ते चारही थोडंफार तसंच. ताशी १०० ला गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे ११० मीटर गाडी कुणीच चालवत नाही. मागचे दोन-तीन किलोमीटर आठवत नसतील, गाडी पट्टा सोडत असेल, तर पुढची सुरक्षित जागा दिसताच थांबा. चहा-कॉफी घ्या आणि लगेच वीस मिनिटं झोपा. कॅफीनचा असर व्हायला तेवढाच वेळ लागतो, दोन्ही एकदम कामी येतात. उठल्यावर पाच-दहा मिनिटं चाला. हा उपाय तासा-दीड तासापुरता आहे, रात्रभराच्या झोपेची भरपाई नाही.

आणखी एक, एसी सतत आतल्या हवेवर ठेवू नका. पाच जणांच्या श्वासाने बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड भराभर वाढतो आणि सगळे पेंगतात. दर अर्ध्या तासाने काही मिनिटं तरी बाहेरची हवा घ्या. समोरची काच आतून धुरकटली तरी उपाय हाच : बाहेरची हवा, एसी चालू, वारा काचेवर.

प्रश्न : समोरच्या दिव्यांनी रात्री काच पूर्ण पांढरी होते. वायपर नवे आहेत.

उत्तर : काच आतून कधी पुसली होती? डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हात तापून त्यातून वाफ निघते आणि तिचा तेलकट पापुद्रा आतल्या बाजूला बसतो. दिवसा तो दिसत नाही. काच पुसायचा द्राव फडक्यावर घ्या, काचेवर फवारू नका. आडवं पुसा, मग कोरड्या मायक्रोफायबरने उभं. रेघ राहिली तर ती आडवी की उभी यावरून कोणत्या वेळची ते कळतं. बाहेरून बोटाने चाचपून बारीक टोचे लागले तर काच हजारो खड्ड्यांनी भरली आहे, ती पुसून जाणार नाही, बदलावी लागेल. गाडी मागे भरलेली असेल तर हेडलाइटचा झोत वर-खाली करणारी चकती शून्यावरून दोन किंवा तीनवर घ्या. नाहीतर तुमचे दिवे वर उठून समोरच्याच्या डोळ्यांत जातात, आणि तो चिडून अप्पर मारतो तो तुमच्याच काचेवर.